अर्धी आलेली दाढ

मधुमती रोज सकाळी स्वरदाला खिडकीपाशी उभं करून तिचं तोंड उघडून बघायची. सहा वर्षांच्या स्वरदाची खालची पहिली कायमची दाढ येऊ घातली होती. पुढचा अर्धा भाग वर आला होता, मागच्या अर्ध्यावर हिरडीची झापड तशीच होती.

घाईला कारण होतं. थोरल्या मुलाची, हर्षवर्धनची, हीच दाढ नवव्या वर्षी किडून काढावी लागली होती. ती वाचवता येते, हे तेव्हा कोणी सांगितलंच नव्हतं. मधुमतीचा नवरा आत्माराम केबलच्या कारखान्यात स्टोअरकीपर होता. सांगली सोडून लखनऊला येऊन त्याला अकरा वर्षं झाली होती. कारखान्याच्या दवाखान्यात दर गुरुवारी दातांचे डॉक्टर निगम येत. नव्या दाढेच्या खाचा बुजवणारा लेप लावला की कीड सहसा शिरत नाही, हे त्यांनीच जानेवारीत तिला समजावलं होतं. पण दाढ पूर्ण वर यायला हवी. ओलसर हिरडीखाली लेप धरत नाही. "जल्दी क्या है, मार्च-अप्रैल में ले आइए," ते म्हणाले होते.

फेब्रुवारीत नोटीस लागली. स्टोअरचं काम एक एप्रिलपासून ठेकेदाराकडे. आत्मारामला काम तेच राहणार होतं, टेबलही तेच. फक्त कंपनीचं कार्ड जाणार होतं, आणि कार्डाबरोबर दवाखाना.

मार्चमध्ये चार गुरुवार होते. पहिल्या गुरुवारी डॉक्टरांनी आरसा आत घालून नकारार्थी मान हलवली. दुसऱ्या गुरुवारी खुर्चीवर आधी पूर्वा होती, अकाउंट्सच्या मॅनेजरची मुलगी, स्वरदाच्याच वयाची. तिच्या दोन दाढांना लेप लागला. तिची आई विनया जाता जाता मायेने म्हणाली, "वरच्या दोन यायच्यात अजून. आणू निवांत. तुम्ही कशाला एवढी धावपळ करता?"

मग त्याच खुर्चीवर स्वरदा बसली, आणि डॉक्टरांनी पुन्हा तशीच मान हलवली. शहरातल्या महानगर भागात डॉक्टरांच्या स्वतःच्या दवाखान्यात हाच लेप मिळत होता, पण तिथला दर त्यांच्या आवाक्याबाहेरचा होता.

तिसराही गुरुवार तसाच गेला. ती स्वरदाला भाजलेले चणे आणि कडक टोस्ट चावायला देऊ लागली, मग हिरडीवर लवंगेचं तेल चोळू लागली. शेवटच्या गुरुवारच्या आदल्या संध्याकाळी तिने मुलीचं डोकं मांडीवर घेतलं आणि अंगठ्याच्या नखाने ती झापड मागे सारायला लागली. स्वरदा ओरडली नाही. तिने आईचं मनगट धरून ठेवलं. रक्त आलं तेव्हा मधुमतीच थांबली.

सकाळी हिरडी सुजून दाढेवर आणखीच चढली होती. डॉक्टर बराच वेळ आत बघत राहिले. ही जखम कशाने झाली, त्यांनी विचारलं. 

"मैंने किया," स्वरदा म्हणाली. "पेंसिल से."

डॉक्टरांनी एकदा मधुमतीकडे पाहिलं. ते रागावले नाहीत. रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं. दोन-तीन आठवड्यांनी आणा म्हणाले. तिने कार्डाचं सांगितलं. त्यांनी ते हातात घेऊन तारीख वाचली, कार्डाशिवाय इथे नोंद होत नाही असं हळू आवाजात म्हणाले आणि मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करायला सांगितलं. बाहेर बाकावर पुढची मुलं बसली होती.

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात दाढ पूर्ण वर आली. पांढरीशुभ्र, मधोमध खोल खाचा. त्या गुरुवारी मधुमती मुलीला घेऊन कारखान्याच्या फाटकापर्यंत गेली. आत, पन्नास पावलांवर, आत्माराम त्याच टेबलापाशी बसला होता. फाटकावरचा पहारेकरी गोपीनाथ ओळखीचा. त्याने कार्ड मागितलं नाही, नुसता रजिस्टर मिटून उभा राहिला. नाही म्हणायची पाळी त्याच्यावर येऊ नये म्हणून ती आपणच मागे वळली.

मग तिने घरातलं गोड बंद केलं. दोन्ही वेळा ब्रश स्वतः करून देऊ लागली.

पुढच्या वर्षी होळीच्या सुमारास तिच्या लक्षात आलं, स्वरदा प्रत्येक घास एकाच बाजूने चावते. तिने विचारलं.

"कुछ नहीं, आदत है," स्वरदा म्हणाली.

 मधुमतीने पोळी वरणात कुस्करली आणि ताट पुन्हा मुलीपुढे सरकवलं.