नव्या फोनवाल्यांची वस्ती

सुनावणी जाहीर होती. जाहीर म्हणजे काय, तर दूरसंचार नियामक मंडळाच्या वेबसाइटवर कुठेतरी सातव्या पानावर तिची सूचना होती. ज्यांच्या फोनवर वेबसाइट उघडत नाही, त्यांचे फोन बंद पाडायचे का, यावरची सुनावणी! आणि तिची सूचना वेबसाइटवर! उंटावरून शेळ्या हाकतात म्हणतात, इथे तर उंटावर बसून शेळ्यांना ईमेल करत होते.

सूचना माझ्या नजरेला पडली, कारण वस्तीत मोबाईल दुरुस्तीचं दुकान माझं आहे आणि वेबसाइट उघडणारा फोन माझ्याकडे आहे. शाळा आठवीत सुटली. पुढचं शिक्षण मला जळालेल्या फोनांनी दिलं. दुकानावर मोबाईल कंपनीची पाटी पण आहे. सिमकार्ड विकायची, रिचार्ज मारायची एजन्सी. दुकानाची निम्मी कमाई त्या पाटीवर.

मी सासूबाईंना बरोबर घेऊन गेले. त्या घरी बसून शर्टांच्या कॉलर शिवतात. वस्तीतल्या अडीचशे बायका हेच काम करतात. कारखान्यातून सकाळी मिस्ड कॉल आला की काम आहे, नाही आला की नाही. मजुरी फोनवरच जमा होते. स्टार, पाच, पाच, एक, हॅश दाबायचं आणि दुकानदाराला वळती करायची. सासूबाईंना अक्षर वाचता येत नाही, पण त्यांच्या अंगठ्याला ती वाट पाठ आहे. न बघता दाबतात. काचेच्या फोनवर अंगठ्याला काही लागतच नाही, तर वाट सापडणार कशी?

हे सगळं चालतं जुन्या टू-जी नेटवर्कवर, बटणाच्या फोनवर. कंपनीला ते नेटवर्क बंद करायचं होतं. त्याला मंडळाची परवानगी लागते आणि परवानगीला एकच अट आहे. वस्तीतली शंभरातली नव्वद गिऱ्हाइकं नव्या फोनवर गेलेली असली पाहिजेत.

हॉलमध्ये खुर्च्या दीडशे आणि माणसं मोजून बारा. समोर मंडळाच्या अध्यक्षबाई, पिकलेल्या केसांच्या, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. कंपनीचा वकील पडद्यावर तक्ते दाखवत होता. दर दोन वाक्यांमागे 'डिजिटल समावेश' म्हणत होता. समावेश म्हणे! आधी दाराबाहेर काढायचं आणि मग दारावर तोरण बांधायचं.

"वस्ती क्रमांक अठ्ठावीस," तो म्हणाला. ती आमची. "एकूण गिऱ्हाइकं तीनशे चाळीस. नव्या फोनवर तीनशे सव्वीस. जवळपास शहाण्णव टक्के."

मला हसूच फुटलं. मोठ्याने.

अध्यक्षबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "हसायला काय झालं?"

"मॅडम, मी त्याच वस्तीतली. आमच्याकडे टच फोन पंधरा आहेत. माझा धरून. फुटलेली काच घेऊन सगळे माझ्याच दुकानात येतात, म्हणून आकडा तोंडपाठ आहे."

वकील चिडला नाही. तो गोड हसला आणि तिथेच मला धास्ती वाटली. "ताई, हा अंदाज नाही, नेटवर्कची नोंद आहे. यातलं प्रत्येक सिमकार्ड गेल्या तिमाहीत नव्या फोनमध्ये चाललेलं आहे. तारीख बघा, वेळ बघा."

पडद्यावर यादी आली. मी तारखा वाचल्या. सगळ्या तारखा एकाच आठवड्यातल्या होत्या.

तो आठवडा मी विसरणं शक्य नव्हतं. कंपनीचा मेसेज आला होता, आठ दिवसांत चेहऱ्याची पडताळणी करा, नाहीतर सेवा बंद. पडताळणी कंपनीच्या ॲपवर, आणि ॲप चालतं फक्त स्मार्टफोनवर. त्यात पडताळायचं सिमकार्ड त्याच फोनमध्ये हवं. मग करणार काय? अख्खी वस्ती माझ्या दुकानासमोर रांगेत उभी राहिली. बटणाच्या फोनचं झाकण काढ, बॅटरी काढ, कार्ड काढ, माझ्या फोनमध्ये घाल, बाईचा फोटो काढ, आलेला कोड टाक, कार्ड परत जाग्यावर बसव. आठ दिवस मी दुसरं काही केलं नाही. नखं दुखून आली होती.

म्हणजे कंपनीची नोंद खोटी नव्हती. वस्तीतली कार्डं नव्या फोनमध्ये चालली होती. पाच-पाच मिनिटं, माझ्या एकटीच्या फोनमध्ये. वस्तीचे फोन बंद पाडायचा पुरावा मीच माझ्या हाताने तयार करून दिला होता.

मी सासूबाईंच्या कानाशी लागले. "आई, घोटाळा झालाय. माझ्यामुळे." आणि दोन वाक्यांत सांगितलं.

"मग सांग की त्यांना."

"एजन्सीच्या करारात कलम आहे. दुसऱ्याचं कार्ड आपल्या फोनमध्ये घालायचं नाही. सांगितलं तर पाटी जाईल."

"मग गप बस. हात दाखवून अवलक्षण कशाला?"

"गप बसले तर तुमचा फोन जाईल. सगळ्यांचाच."

कमाईचा हिशेब सासूबाईंनाही कळतो, माझ्यापेक्षा जास्त कळतो. मग त्यांनी मला कोपराने ढोसलं. "तर मग उभी राहा ना! कुजबुजतेस काय चोरासारखी?"

मी उभी राहिले. राग आला होता आणि राग मला नेहमी सरळ उभं करतो.

"मॅडम, ही सगळी कार्डं एकाच फोनमध्ये चालली आहेत. माझ्या. मीच घातली."

वकील तीरासारखा उठला. "हे नोंदवून घ्या! अधिकृत एजंट कराराचा भंग कबूल करते आहे. हा फसवणुकीचा प्रकार आहे!"

"नोंदवा की. आणि त्याच्याखाली हेही नोंदवा, की पडताळणीचं ॲप बटणाच्या फोनवर चालत नाही हे तुम्हाला ठाऊक होतं. आठ दिवसांची मुदत तुम्ही दिली. साडेतीनशे माणसं आठ दिवसांत कुठल्या फोनवर पडताळणी करणार होती? तुमच्या?"

मागे कुणीतरी खोकल्यात हसू लपवलं.

"पुरावा काय?" अध्यक्षबाईंनी विचारलं. आवाजात ना माया ना राग.

"प्रत्येक फोनला पंधरा आकड्यांचा नंबर असतो मॅडम. सिमचा नाही, फोनचा स्वतःचा. कार्ड चाललं की कुठल्या फोनमध्ये चाललं, त्याचा नंबर कंपनीकडे आपोआप नोंदला जातो. यांनी कार्डं मोजली. फोन मोजलेच नाहीत." मी माझा फोन काढून स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबलं. "मी नंबर वाचते. यांच्या साहेबांनी त्यांच्या लॅपटॉपवर शोधावा."

लॅपटॉपवाला तांत्रिक अधिकारी वकिलाकडे बघायला लागला.

"त्यांच्याकडे काय बघता?" अध्यक्षबाई म्हणाल्या. "शोधा."

मी पंधरा आकडे एकेक करून वाचले. नववा आकडा त्याने दोनदा विचारला. मग टकटक थांबली. तो पडद्याकडे बघत राहिला, आणि त्याचे कान लाल झाले.

"किती?" अध्यक्षबाई.

"तीनशे... तीनशे बारा."

"तीनशे बारा काय?"

"तीनशे बारा गिऱ्हाइकं. एका फोनवर."

सासूबाई मागून म्हणाल्या, "मोठं कुटुंब आहे आमचं." हॉलभर हशा पिकला. अध्यक्षबाईंनी रुमालाने चष्मा पुसला, चांगला बराच वेळ पुसला.

मग त्यांनी सांगितलेला आदेश मी शब्दाला शब्द लक्षात ठेवला आहे. वस्ती अठ्ठावीसचं जुनं नेटवर्क बंद करायला परवानगी नाही. याच पद्धतीने मोजलेल्या आणखी एकसष्ट वस्त्या यादीत आहेत, त्यांची परवानगी पंधरा दिवस थांबवली. तेवढ्या मुदतीत तिथल्या कुणी असाच जबाब दिला तर फेरमोजणी, फोनच्या नंबराप्रमाणे. जबाब नाही आला तर कंपनीचा आकडा मान्य.

"आणि यांच्या एजन्सीचं?" वकिलाने विचारलं.

"तो तुमचा आणि त्यांचा करार आहे. मंडळ त्यात पडत नाही."

हे मला झोंबलं. खरं वदवून घ्यायला मंडळ, आणि त्याची किंमत मोजताना मी एकटी! जिन्यातच कंपनीच्या माणसाने माझ्या हातात कागद दिला. एजन्सी आजपासून स्थगित. इतका चटकन कागद! माझ्या दुकानावरची तुटलेली पाटी बदलून द्यायला यांना चौदा महिने लागले होते.

पण रडत बसायला पंधरा दिवस कमीच होते. एकसष्ट वस्त्या, म्हणजे माझ्यासारखे किमान एकसष्ट दुरुस्तीवाले. आम्ही सगळे सुटे भाग एकाच बाजारातून आणतो, निम्म्यांचे नंबर माझ्याकडे आहेत. मंडळाच्या पायरीवर बसून पहिला फोन लावला वस्ती एकतिसातल्या दादाला.

"दादा, पडताळणीची कार्डं कुठे घातली होतीस?"

"कुठे म्हणजे? माझ्या फोनात. तू नाही घातलीस?"

"घातली. कंपनी त्याच नोंदीवरून वस्त्यांचे बटणाचे फोन बंद पाडतेय, म्हणून मंडळात जाऊन कबूल पण करून आले. उद्या तू ये."

"माझी पाटी जाईल ना गं ताई."

"जाईल. माझी आत्ताच गेली."

"आणि मग खायचं काय?"

"काच बदलून खायचं, स्पीकर बदलून खायचं. वस्तीचे फोनच बंद पडले तर तुझ्या दुकानात पाटी बघायला कोण येणार आहे?"

"बघतो," तो म्हणाला. 'बघतो' म्हणजे नाही, हे मला कळतं.

सासूबाईंनी माझ्या हातातून फोन ओढून घेतला. "अरे, मी हिची सासू बोलते. तुझ्या आईकडे कुठला फोन आहे?"

"...बटणाचा."

"मग मला नको सांगूस. तिला विचार आणि कळव." आणि फोन कट केला.

मी यादीतला पुढचा नंबर लावला. मग त्याच्या पुढचा. चौथ्याशी बोलत होते तेव्हा मध्येच एकतिसातल्या दादाचा फोन यायला लागला. उचलला, तर त्याची आईच बोलत होती. मंडळाची इमारत स्टँडपासून किती लांब आहे, तेवढंच तिला विचारायचं होतं.