खुळखुळ्याचा आवाज

टिकली पाच वर्षांची, पण प्रश्न विचारायला लागली की भल्याभल्यांच्या नाकी नऊ आणायची. त्या दुपारी तिने संग्रहालयातली खेळण्यांची खोली डोक्यावर घेतली होती. लाकडी घोड्याला खायला कोण देतं, भोवरा दमतो का, बाहुलीचे बूट कुणी नेले, एक ना दोन. तिची आत्या या खोलीची देखभाल करायची. उद्यापासून खोली दुरुस्तीसाठी बंद होणार होती. खेळणी खोक्यांत भरून कोठारात जाणार आणि परत कधी येतील ते संग्रहालयाच्या साहेबांनाही ठाऊक नव्हतं. म्हणून तर आत्याने भाचीला आजच आणलं होतं.

शेवटच्या कपाटापाशी टिकली थबकली. आत कापडावर एक लाकडी खुळखुळा ठेवला होता. मुठीएवढं गोल डोकं आणि खाली बारीक दांडी.

"आत्या, हा कसा वाजतो?"

अकरा वर्षं आत्या हा खुळखुळा पुसत होती. हातमोजे घालून, तबकात ठेवून, श्वास रोखून. वस्तू जराही हलू द्यायची नाही, हे तिचं काम. ते तिने इतकं चोख केलं होतं, की त्याचा आवाज कधी तिच्या कानावर पडलाच नव्हता.

"माहीत नाही गं."

"तुलापण माहीत नाही?" टिकलीचे डोळे एवढे मोठे झाले, की आत्याला लाजच वाटली. "आणि उद्या तो खोक्यात जाणार?"

तेवढ्यात साहेब सामानाची यादी घेऊन आले. साहेब म्हणजे नियमाला धरून चालणारे गृहस्थ. घरी कपबशीसुद्धा हातमोजे घालून उचलत असतील, असा आत्याला दाट संशय होता. तिने मनाचा हिय्या केला.

"साहेब, हा एकदा वाजवून बघू या का?"

"वस्तू हलवायची नाही, हे तुम्हाला मी सांगायचं?"

"पण तो हलवायचाच असतो," टिकली म्हणाली.

साहेबांनी टिकलीकडे पाहिलं, खुळखुळ्याकडे पाहिलं आणि जाऊन खोलीचं दार लावून घेतलं. मग हातमोजे चढवून त्यांनी खुळखुळा उचलला आणि हलवला.

काही नाही. पुन्हा हलवला. तरीही काही नाही.

"त्याचा आवाज संपला?" टिकलीचा चेहरा एवढासा झाला.

साहेबांनी खुळखुळा उलटा केला. दांडीजवळ एक बारीक भोक होतं आणि त्यातून काहीतरी पांढरं डोकावत होतं. साहेबांचे कान लाल झाले.

"कापूस आहे. मीच भरला होता," ते म्हणाले. "नोकरीतलं पहिलंच वर्ष. आतल्या बिया आपटून लाकूड झिजू नये म्हणून. तेव्हा सगळ्यांनी शाबासकी दिली होती हो मला!"

आत्याला हसूही आलं आणि त्यांची कीवही. दोन्ही एकदमच आलं. ती गुपचूप चिमटा घेऊन आली. साहेब स्टुलावर बसून एकेक तंतू ओढून काढू लागले. टिकली त्यांच्या गुडघ्याला टेकून बघत होती. सव्वीस वर्षांचा कापूस, निघता निघेना. शेवटचा बोळा निघाला तसं साहेबांनी भोकावर अंगठा धरला आणि हात हलवला.

खुळ. खुळखुळ.

आवाज अगदी छोटा आणि कोरडा होता, पण अकरा वर्षांत आत्या तो पहिल्यांदाच ऐकत होती. साहेबांनी तो एका कानाशी नेऊन वाजवला, मग दुसऱ्या कानाशी. मग डोळे मिटून वाजवला. टिकलीने बराच वेळ वाट पाहिली. शेवटी तिने त्यांची बाही ओढली.

"पुरे आता. माझा नंबर!"

साहेबांनी खुळखुळा चटकन पाठीमागे लपवला.

"थांब ना गं," ते म्हणाले, "मला आत्ताच तर मिळालाय."