मुंग्यांनी टाळलेली करवंटी

आमच्या बेटावरच्या आपेलु वैदूच्या बिनभिंतींच्या घरात त्या दुपारी मुंगी शिरायलाही जागा नव्हती, आणि सगळे पाहत होते ते मुंग्यांकडेच. एका करवंटीत सिनालेईची कालची लघवी होती. ती मुंग्यांनी काळी झाली होती. औषध पाजल्यानंतरच्या दुसऱ्या करवंटीत मात्र एकही मुंगी नाही.

"पाहा! पितरांचा राग उतरला!" आपेलु गरजला. "पोटुशी असताना, मनाई असूनही गळ्यात फुलांची माळ घातलीस ना, पोरी? मग पाय सडणार नाही तर काय! आता दवाखान्याचं नाव काढू नकोस."

सिनालेईचा मुलगा सात वर्षांचा झाला होता, पण ती माळ तिच्या मनातून गेली नव्हती. त्यात आता तळपायाची जखम चिघळत चालली होती, बोटं बधिर झाली होती. "माझंच चुकलं, बाई," ती मला म्हणाली. मी गावच्या शाळेत शिकवते. माझं डोकंच फिरलं.

मी दुसरी करवंटी नाकाशी नेली. मग आपेलुचा गोडमिट्ट कोको उचलून तिच्यात ओतला. मुंग्या काठापर्यंत आल्या आणि मागे फिरल्या.

"आपेलुकाका, पितरांना तुमचा कोकोही चालत नाही वाटतं?"

लोक हसले. आपेलु उठायला लागला.

"बसा! काठाला रॉकेल चोळलंय, वास लपवायला वर सुगंधी तेल. मुंग्या लघवीतल्या साखरेला येतात. हिला मधुमेह झालाय, शाप नाही."

तेवढ्यात सिनालेईची सासू लोसा पुढे आली. "माळ मीच घातली होती. हिच्या दिराच्या लग्नात, या हातांनी. तिला बोल लावत होते सगळे, आणि मी गप्प बसले."

"माळेचा काही दोष नाही, लोसामावशी."

"मग माझाच! नर्सने बजावलं होतं, गरोदरपणात हिची साखर वाढली होती, पुढे पुन्हा वाढू शकते, दरवर्षी तपासा. मी म्हटलं, एवढं गुटगुटीत पोर झालंय, आता कसलं दुखणं!"

त्या पोराचं जन्मावेळचं वजन साऱ्या गावाला तोंडपाठ होतं, मलाही. आईची साखर कोणीच विचारली नव्हती.

लोसाने सुनेला आधार देऊन दवाखान्याकडे जाणाऱ्या बसपर्यंत नेलं. "हिचा पाय वाचेल ना?" तिने विचारलं. मी हो म्हटलं, पण मला खात्री नव्हती.

बाळ झालं म्हणून आईचं दुखणं संपत नाही. बाळ बघायला जाल, तेव्हा आधी आईला विचारा: तुझी तपासणी कधी आहे?