शिट्टीनंतरची पकड

भातकुलीच्या चंद्रभानला अकोल्याच्या एका कापडगिरणीनं नोकरी दिली ती कबड्डीसाठी. हजेरीपटावर तो मागावरचा कामगार, पण खरं काम मैदानातलं. तो कोपऱ्यात वाकून उभा राही आणि चढाईला आलेल्या गड्याचा घोटा एकदा हाती लागला की सोडत नसे.

अठ्ठावन्न साली अकोल्यातच अंतिम सामना होता, अमरावतीच्या संघाशी. त्यांच्याकडे मोर्शीचा बुधाजी होता, सडपातळ, हरणासारखा उडणारा. पहिल्या डावात त्यानं गिरणीचे सहा गडी बाद केले. मधल्या सुट्टीत गिरणीचा एक साहेब चंद्रभानजवळ येऊन म्हणाला, हा पुढच्या डावात उभा दिसला नाही पाहिजे. चंद्रभान हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही.

दुसऱ्या डावात बुधाजी घेरला गेला. त्याचा दम तुटला, पंचाची शिट्टी झाली. चंद्रभानला ती स्पष्ट ऐकू आली. बुधाजीनं अंग सैल सोडलं आणि त्याच क्षणी चंद्रभाननं हातातला पाय गुडघ्यातून पिळला. अंगावर अंग पडलेलं, कोणाच्या काही लक्षात आलं नाही. सामना गिरणीनं जिंकला.

बुधाजी पुन्हा खेळला नाही. पण दुसऱ्याच दिवशी चहाच्या हॉटेलात बोलणं सुरू झालं की तो पिऊन उतरला होता, म्हणून आपणच पडला. तू तर अंगाशी होतास, वास आला असेल, असं एकानं चंद्रभानला विचारलं. चंद्रभान बशीतला चहा पीत राहिला. ते गप्प राहणंच लोकांनी साक्ष म्हणून धरलं.

पुढे त्याचेही गुडघे गेले आणि चौसष्ट साली तो अमरावतीच्या एका मंडळात प्रशिक्षक झाला. शिट्टी वाजली की हात वर, हा त्याचा पहिला धडा. जो चुके त्याला मैदानाला दहा फेऱ्या. लोक त्याच्या शिस्तीचं कौतुक करत, तेव्हा तो तिथून उठून जाई.

दोन वर्षांनी मंडळाचे चिटणीस केशवराव खेळाडूंना व्यसनांवर दोन शब्द सांगत होते. त्यांनी दाखला दिला तो मोर्शीच्या एका खेळाडूचा, दारूपायी पाय गमावलेल्या. चंद्रभान शेजारीच उभा होता. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं मोर्शीची एसटी धरली.

बुधाजी आता तहसील कचेरीत शिपाई होता. त्याच्या बायकोनं, सुंदराबाईनं, पाणी दिलं. चंद्रभाननं मान वर न करता सगळं सांगितलं.

"शिट्टी मीबी ऐकली होती, भाऊ," बुधाजी म्हणाला. "पायाचं मी कवाच सोडून देल्लं. पण दारूले मी जल्मात हात लावला नाही. आमच्या जातीच्या माणसाबद्दल असं बोललं का कोनी पुरावा मांगत नाही. बहिणीचं लग्न जमवाले गेलो, तर तेथंबी तेच इचारलं."

चंद्रभाननं हात जोडले. मला माफ करा, एवढंच त्याला बोलता आलं.

"माफी इथं काहून मांगता?" सुंदराबाई म्हणाली. "या घरात खरं काय ते सगळ्यायले माईत हाये. जिथं बदनामी झाली, तिथं बोला."

त्या हिवाळ्यात मंडळाच्या स्पर्धेचा बक्षीस समारंभ झाला. त्यात प्रशिक्षक म्हणून चंद्रभानचा सत्कार झाला आणि उत्तर द्यायला त्याला बोलावलं. लाउडस्पीकरवर त्यानं सामना सांगितला, शिट्टी सांगितली आणि चहाच्या हॉटेलातलं आपलं गप्प बसणंही. केशवराव मध्येच उठून माईकजवळ आले, तरी तो थांबला नाही. बुधाजी दारू प्यालेला नव्हता, हे त्यानं दोनदा सांगितलं. त्यानं मोर्शीला निरोप धाडला होता, त्यावरून आलेली सुंदराबाई बायकांच्या बाजूला बसलेली त्याला दिसली. त्याचं बोलणं संपल्यावर ती उठली आणि त्याच्याकडे न पाहता मोटार स्टँडकडे गेली.

दुसऱ्या दिवशी मंडळानं त्याच्याकडून राजीनामा लिहून घेतला. तो भातकुलीला शेतीवर परतला. गावात काही जण त्याला मोठ्या मनाचा म्हणू लागले. ते कानावर आलं की त्याला तोंड लपवावंसं वाटे. खरं बोलायला आपल्याला आठ वर्षं लागली, हे त्याचं त्यालाच माहीत होतं.

एकदा मोर्शीच्या बाजारात बुधाजी समोरून लंगडत आला. त्यानं चंद्रभानला ओळखलं, मान हलवली आणि तो पुढे गेला. मागे जाऊन काही बोलावं असं चंद्रभानला फार वाटलं, पण त्याचे पाय जागचे हलले नाहीत.