खांबाआडचा टाळ

राजशेखरने स्पीकरला जोडायच्या सुपर ट्वीटरची जोडी काउंटरच्या काचेवर ठेवली. काडेपेटीपेक्षा थोड्या मोठ्या दोन काळ्या डब्या, तोंडाला बारीक जाळी.

"काका, तुमचे स्पीकर चांगले हायत की. ह्याचा आवाज इतका बारीक असतो, तो ऐकायला तुमाला घरी कुत्रं पाळावं लागंल."

मी हसलो. राजशेखर माझ्या मित्राचा, ईश्वरअप्पाचा मुलगा. पन्नाशीला आला तरी बापासारखाच तोंडावर बोलतो. परभणीत त्याचं रेडिओ आणि अँप्लिफायर दुरुस्तीचं दुकान आहे. त्याला खरं कारण सांगायला हवं होतं. पण ते त्याच्या बापाशीच जोडलेलं होतं, आणि दुकानात गिऱ्हाईक उभं होतं. "बघू तरी लावून," एवढंच मी म्हणालो.

कारण म्हणजे एक कॅसेट. चाळीस वर्षांपूर्वी शिवरात्रीला, चारठाण्याच्या देवळात आमच्या पाच जणांच्या भजनाची ती भरली होती. गायला ईश्वरअप्पा. पेटीला एक, मृदंगाला एक, मागे सूर धरायला एक आणि टाळाला मी. टाळ माइकवर चढतो, बाकीच्यांना झाकून टाकतो, म्हणून ईश्वरअप्पानं मला मागच्या खांबाआड बसवलं. "लायब्ररीवाले, तुमी तिकडं!" मी तेव्हा लायब्ररीत नोकरीला होतो. मला बरंच वाटलं. चार लोकांसमोर बसायचं म्हटलं की माझ्या तळहातांना घाम सुटतो.

त्या पाचांतला आता मी एकटा उरलोय. ईश्वरअप्पाला जाऊन तीन वर्षं झाली. कॅसेट लावली की ते चौघे ऐकू येतात, दोन भजनांमधलं त्यांचं खाकरणंसुद्धा. टाळ ऐकू येत नाही.

मला एक वाईट खोड होती. ठेका चुकेलसं वाटलं की मी टाळ नुसते हलवायचो, एकमेकांना टेकू द्यायचो नाही. बघणाऱ्याला वाटावं, वाजवतोय. त्या दिवशीही मी तसंच केलं असेल का? चौघांनी भजन केलं आणि मी खांबाआड बसून हात हलवले, एवढंच का ते? हे विचारावं असं कुणी उरलं नाही. मग एका पुस्तकात वाचलं, की टाळाचा झणकार फार वरच्या पट्टीत जातो आणि जुन्या स्पीकरला तो झेपत नाही. म्हणून ह्या डब्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्या डब्या स्पीकरच्या डोक्यावर बसवल्या, राजशेखरने कागदावर काढून दिल्याप्रमाणे तारा जोडल्या आणि कॅसेट लावली. काही फरक नाही. डब्या खुर्चीकडे वळवल्या, बोटभर पुढे ओढल्या, पुन्हा मागे सारल्या. तेच चौघे. माझं मन खट्टू झालं.

पलीकडे बाजेवर बसून बायको, बसम्मा, वाती वळत होती.

"आवं, बारीक करा की जरा. लय किणकिण करायलंय."

"कसली किणकिण?"

"टाळ वाजायलाय. दुसरं काय असंल?"

मला विश्वास बसेना. बसम्मा माझं मन राखायला काहीही म्हणेल. मी लिहिलेलं एकही पान तिला आजवर वाईट वाटलेलं नाही. मी डब्यांच्या तारा काढल्या. "आता?"

"आता लय लांब गेल्यासारखा. हाय का न्हाई, कळंना."

तारा जोडल्या. "आता हाय," ती म्हणाली. पण माझे हात तिला दिसत होतेच.

"इथं खुर्चीशेजारी ये," मी म्हणालो. "टाळ पडला की माझ्या मनगटावर बोट टेकव."

"दार उघडं हाय. नर्मदाबाई बघंल समोरून. म्हणंल, म्हाताऱ्याची नाडी बघायलीय."

तरी ती आली. मी कॅसेट पहिल्यापासून लावली. तिचं बोट ठेक्यात पडू लागलं, पण माझी शंका जाईना. भजनात वाढलेलं माणूस, टाळ नसला तरी ठेका बरोबर धरणारच. मी नकारार्थी मान हलवत राहिलो. पहिलं भजन संपलं. दुसऱ्याच्या शेवटच्या कडव्यात बोट वर गेलं आणि वरच राहिलं.

"का थांबलीस?"

"टाळच थांबला तर मी काय करू?"

चार ठोके गेले. बोट पुन्हा पडू लागलं.

मी डेक बंद केला. ती जागा मला माहीत होती. ते कडवं गाताना ईश्वरअप्पा वळला होता. गाता गाता खांबाच्या कडेनं त्यानं माझ्याकडे बघितलं आणि "वा!" म्हटल्यासारखी मान हलवली. त्याआधी कुणी माझ्या टाळाला दाद दिली नव्हती. लाजेनं मी मान खाली घातली आणि माझा हातच थांबला. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, बसम्मालाही नाही. तेव्हा आमचं लग्नसुद्धा व्हायचं होतं.

आता सांगितलं.

"एवढ्यानं ठेका सोडलात?" ती हसली. मग तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं. म्हणाली, "मागं घ्या. परत लावा."

मी कॅसेट मागे घेतली. माझ्या म्हाताऱ्या कानांना टाळ याही वेळी ऐकू आला नाही. तिचं बोट मनगटावर पडत होतं, तेवढंच. शेवटचं कडवं आलं. ईश्वरअप्पाचा आवाज चढला आणि बोट थांबलं. समोर दोन स्पीकर होते, मागे भिंत. या वेळी मी मान खाली घातली नाही. चारही ठोके त्या आवाजाकडेच बघत राहिलो.