मास्तरांनी शिवलेलं कव्हर

मित्रांनो, मी एक जुनी निळी मोटार आहे. निळी म्हणायचं ते आठवणीनं. आता टपावर धुळीचा इतका थर बसलाय की माझा रंग माझ्याशिवाय कुणाला सांगता यायचा नाही. पालिकेनं उचलून आणलेल्या गाड्यांच्या आवारात, तारेच्या कुंपणाला टेकून मी उभी आहे.

कारखान्यातून निघाले तेव्हा माझ्या दारात बघून लोक भांग पाडत. मला घरी आणलं एका शिंप्यानं. सगळे त्यांना मास्तर म्हणत. माझ्या गाद्यांना त्यांनी स्वतः कापड शिवलं, कोपऱ्यांना दुहेरी टीप घालून. गिऱ्हाइकांचे कपडे पोचवत आम्ही गावभर हिंडलो. शेजारची बाळंतीण अडली तेव्हा मीच धावले. "एका हाकेला उठते हो तुमची गाडी!" लोक म्हणत.

पुढे मास्तरांच्या बायकोचे, काकूंचे, पाय गेले. मग माझं एकच काम उरलं, काकूंना उपचारांसाठी नेणं-आणणं. दारासमोर अपंगांसाठी राखलेली जागा मिळाली. तिचा परवाना माझ्या पुढच्या काचेला आतून चिकटवला.

पाखरं घाण करतात म्हणून मास्तरांनी मला कव्हर शिवलं. अंगाचं माप घेऊन, पार चाकांपर्यंत, कुठे फट म्हणून नाही.

"अहो, नंबर तरी दिसू द्या तिचा!" काकू म्हणाल्या.

"झाकायला शिवलंय की दाखवायला?" मास्तर हसले.

त्या मायेनंच घात केला. एका सकाळी पालिकेच्या साहेबाला घेऊन क्रेन आली.

"साहेब, कव्हर उचलून बघू का?" क्रेनवाल्यानं विचारलं.

"कशाला? राखीव जागा, परवाना दिसत नाही. बेवारस असणार. घे," साहेब म्हणाला.

पट्टे आवळले, झटका बसला, आणि गुंडाळलेल्या मढ्यासारखी मी रस्त्यानं निघाले. इथे आणल्यावर कव्हर ओढून कोपऱ्यात फेकलं.

मास्तर इथे आले ते हात जोडूनच. खिडकीतल्या कारकुनाला म्हणाले, "साहेब, चूक झाली. डिकीतली चाकांची खुर्ची तेवढी आधी द्या. बायको खाटेवर अडकून पडलीय."

"सही करा, खुर्ची न्या."

खिशातला चष्मा काढायचाही त्यांना धीर झाला नाही. त्यांनी सही केली. गाडीवरचा हक्क मी सोडतो, असं त्या कागदात लिहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी काकू त्याच खुर्चीतून आल्या. खुर्ची ढकलायला पुतणी होती. ती कोर्टात काम करते.

"गाडी मागायला आलात आणि देऊन गेलात!" काकू मास्तरांना म्हणाल्या.

पुतणी म्हणाली, "काका, नंबर बघून मालकाला कळवल्याशिवाय गाडी उचलायची नाही, असा इथला नियम आहे. आतलं सामान तर तुमचंच, त्याला सही कसली? उचललीच चुकीची, म्हणून सुनावणी मागायचा हक्क होता तुम्हाला."

"सरकारी माणसाशी हुज्जत कशाला घालायची, म्हटलं."

"हक्क मागणं म्हणजे हुज्जत नव्हे, काका."

ती खिडकीशी खूप भांडली. आतून एकच उत्तर आलं, "सही यांचीच आहे ना?" काकूंनी कुंपणातून हात घातला, पण तो माझ्यापर्यंत पोचला नाही.

आता पलीकडच्या रांगेतल्या गाड्या चेपायला नेताहेत. माझी पाळी येईल. मला दुःख त्याचं नाही. म्हातारपणी मोडीत जायचंच असतं. काकूंना उपचारांना कोण नेत असेल, हाच घोर आहे.

मित्रांनो, घरची गाडी कुणी उचलून नेली तर हात जोडायच्या आधी तोंड उघडा. कुठल्या नियमानं नेली ते विचारा. आपलं सामान मागा, सुनावणी मागा, आणि वाचल्याशिवाय कागदावर अक्षर उमटवू नका.

आत्ताच एक बाई घाबऱ्याघुबऱ्या खिडकीशी आल्या आहेत. कारकून कागद पुढे सरकवतो आहे. माझी बॅटरी कधीच मेली, हॉर्न वाजत नाही. तुमच्यापैकी कुणी जवळ असेल तर हाक मारा रे त्यांना.