सरजाची हाक

नांदेडला वजिराबादेत एका कापडदुकानाच्या माडीवर गुरुबसप्पाची रेकॉर्डिंगची खोली होती. भिंतींना गोणपाट ठोकलेलं, खिडकीला गादी लावलेली, पंखा बंद. त्र्याऐंशीच्या जूनमध्ये चाकूरकडचा ग्यानोबा एकतारी घेऊन तिथं आला. जयंती असो की कुणाचं लग्न, हा माणूस स्वतः रचलेलीच गाणी म्हणायचा. पन्नाशीला टेकला होता, पण कॅसेट ही पहिलीच. झील धरायला, म्हणजे मागून ओळ उचलायला, सोबत चुलतभाऊ मारोती होता.

दुपारपर्यंत पाच गाणी झाली. सहावं नवं होतं, बहात्तरच्या दुष्काळाचं.

खडक फुटंना, पाणी लागंना...
हाण गं हाण, हाण गं सरजा...

तिसऱ्या कडव्यात ओळ आली, 'माती सुटून राहिली, दोर टाका दादा.' मारोतीनं झील उचलली आणि ग्यानोबा थांबला. पुन्हा सुरू केलं. पुन्हा तिथंच थांबला. चौथ्या खेपेला गुरुबसप्पानं मशीन बंद केलं.

"ग्यानोबा, ओळ तर लई जिवंत हाय. कधी रचली?"

"म्या न्हाई रचली."

"मंग कुणाची हाय?"

ग्यानोबानं मारोतीला चहा प्यायला खाली पाठवलं. तो जाईपर्यंत दाराकडं बघत राहिला. मग म्हणाला, "हे आजवर कुणालाच सांगितलं न्हाई."

बहात्तरला त्यांच्या गावात दुष्काळी कामावर विहीर खोदत होते. सरजाबाई त्याच्या शेजारची, नवरा गेलेली, आठ वर्षांची एक पोरगी. ती खाली टोपल्या भरायची, हा वरून दोरानं ओढायचा. सरजाचा गळा असा, की गाणं म्हणत काम केलं तर ऊन लागायचं नाही. रोज नवी ओळ जोडायची आणि वरून ग्यानोबा झील द्यायचा.

"त्या दिशी बाकीच्या बाया पाणी प्यायला वर आल्या. ती एकटीच खाली. तिनं आवाज दिला. माती सुटून राहिली, दोर टाका दादा. विहिरीत आवाज घुमतो, गुरुबसप्पा. मला वाटलं, आज ही ओळ जोडली." त्यानं एकतारीची तार बोटानं दाबून धरली. "म्या झील दिली. हाण गं हाण, हाण गं सरजा. अन् हसलो बी. तेवढ्यात कड ढासळली, ती खाली दबली."

गुरुबसप्पानं मशीनमधली कॅसेट काढून बाजूला ठेवली.

"समद्यांला वाटतं ती गाता गाता गेली. तिच्या पोरीला वाईट नको वाटाया म्हणून म्याच तसं सांगितलं. आता कुठंबी झील सुरू झाली, की तिच्या मागून मला ती हाक ऐकू येती. आजबी आली."

"हे मला सांगून काय उपयोग?" गुरुबसप्पा सावकाश म्हणाला. "तिची पोरगी हाय ना?"

पोरगी, सुमन, लोह्याला दिली होती. दुसऱ्या दिवशी ग्यानोबा एसटीनं लोह्याला उतरला. सुमन दारात ज्वारी पाखडत होती. "या मामा," म्हणून तिनं तांब्या पुढं केला. पाणी न पिताच त्यानं सगळं सांगितलं.

सूप तिच्या हातात तसंच राहिलं.

"म्हंजे आय गात नव्हती."

"न्हाई."

"तिनं तुमाला हाक मारली."

"हाव."

"अन् मी अकरा सालं माझ्या लेकराला सांगून राहिले, तुझी आजी गाणं म्हणत गेली." बोलताना आपलं लेकरू तर दोनच वर्षांचं आहे, हेही तिच्या ध्यानात आलं नाही. ती उठून घरात गेली. ग्यानोबा उंबऱ्याबाहेर बसून राहिला. शेवटची गाडी जायची वेळ झाली तेव्हा ती बाहेर आली. डोळे सुजले होते.

"गाणं म्हणा. पण तिच्या हाकेवर झील देऊ नका. एकदा दिली तेवढी बस झाली. अन् कॅसेटीत घालू नका. चहाच्या हाटेलात वाजंल ते."

लातूर जिल्हा होऊन त्या ऑगस्टमध्ये वर्ष झालं. त्या वर्षपूर्तीचा कार्यक्रम होता, आणि ग्यानोबाला बोलावणं होतं. नव्या जिल्ह्याचं स्वागतगीत त्यानं म्हटलं, टाळ्या पडल्या. मग कुणाला न विचारता त्यानं सरजाचं गाणं सुरू केलं. 'दोर टाका दादा'पाशी मारोतीनं, ठरल्याप्रमाणे, तोंड मिटून घेतलं. मंडपात नुसती एकतारी वाजत होती. पुढच्या रांगेतल्या एका म्हातारीनं मागं वळून बघितलं, जणू तिलाच कुणी हाक मारली. संयोजकानं हळूच येऊन सांगितलं, "बाबा, आता जरा आनंदाचं घ्या."

सुमन मंडपाच्या मागं, लेकरू कडेवर घेऊन उभी होती. कार्यक्रम संपल्यावर तिनं विचारलं, "मामा, आय अशीच बोलली का? इतकी गोड?"

ग्यानोबाची मान खाली गेली. "न्हाई. लई जोरात वरडली होती."

"मंग तसं म्हणा."

पुढच्या महिन्यात चाकूरजवळच्या एका वस्तीवर त्याचं गाणं होतं. दिवस मावळायचा होता, निम्मी माणसं अजून घरातच होती. त्या ओळीवर ग्यानोबानं एकतारी खाली ठेवली आणि आपल्या आयुष्यात तो कधी ओरडला नव्हता तसा ओरडला. गल्लीतली कुत्री भुंकायला लागली. "कोण पडलं? कुठं पडलं?" करत माणसं अनवाणी धावत आली. त्यांना सगळं समजावून सांगावं लागलं. दुष्काळी कामावर राबलेल्या दोन बाया तिथंच मटकन खाली बसल्या.

दसऱ्याला कॅसेट निघाली, पाच गाण्यांची. तसा ओरडल्यापासून विहिरीवर पाणी भरायला मात्र ग्यानोबा पुन्हा कधी गेला नाही. मारोतीच आणून द्यायचा.